ज्याच्यावाचून भागतं

रुद्रेशला लातूरच्या गोदामाचा केंद्रप्रमुख म्हणून बढती मिळाली, तेव्हा नांदेडच्या ऑफिसात एका रुद्रेशला सोडून कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. तो बिचारा पेढे वाटतानाही घाबरलेला होता. निरोप समारंभात सत्काराला उत्तर काय द्यायचं हे त्याला सुचेना, म्हणून त्यानं राजकन्या मॅडमना गळ घातली आणि ते भाषण तिनंच लिहून दिलं. शाल, नारळ, समोसे, शेजारच्या बँकेतून उसन्या आणलेल्या खुर्च्या, सगळी तयारी तिचीच. ज्या जागेवर तिनं जायला हवं होतं, त्या जागेवर निघालेल्या माणसासाठी वजिराबादच्या फुलवाल्याशी घासाघीस करून हारही तिनंच आणला.

जिल्हा व्यवस्थापक रेणुकादास हे सगळं आपल्या खुर्चीतून बघत होते. त्यांना बरं वाटत नव्हतं. पण फार वाईटही वाटत नव्हतं. निवृत्ती जवळ आली होती, गुडघे दुखत होते, आणि अशा गोष्टींचं फार वाईट वाटायचं वय उलटून गेलं होतं.

ते ज्या महामंडळात होते त्याचं काम धान्य ठेवण्याचं. शेतकऱ्याचं, व्यापाऱ्याचं, सरकारचं. नांदेडची गोदामं, मुदखेडची, हदगावची, सगळी रेणुकादासांच्या ताब्यात. वरचं विभागीय कार्यालय लातूरला. दरवर्षी तिथून पत्र यायचं की बढतीसाठी तुमच्याकडचं एक नाव सुचवा. आता वरवर पाहिलं तर यात काय अवघड आहे? सगळ्यात चांगला माणूस निवडायचा आणि नाव पाठवायचं. पण नाव गेलं की माणूसही जातो. मग कुठला शहाणा साहेब आपला कामाचा माणूस हातानं घालवून बसेल? म्हणून ज्याच्यावाचून भागतं त्याचं नाव जायचं. जो रजेवर गेलेला आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही, त्याचं. वर गेल्यावर तो साहेब व्हायचा आणि खालून नावं मागवायला लागायचा. वाऱ्यावर धान्य उपणताना दाणा पायाशी पडतो आणि फोलपट उडतं, तसं हे वर्षानुवर्षं चाललं होतं. ऑफिसातल्या शिपायालासुद्धा हे माहीत होतं, पण तक्रार करायची म्हटली तरी ती वरच्यांकडेच करावी लागणार, म्हणून कुणी करत नसे.

राजकन्या मूळची निलंग्याकडची, कृषी विषयात एम.एस्सी. केलेली, आणि हुद्द्यानं गुणवत्ता निरीक्षक. हुद्द्यापुरतं काम मात्र तिनं कधी केलं नाही, म्हणजे तिला करू दिलं नाही. ऑडिटच्या शेऱ्यांना उत्तरं ती लिहायची. कोर्टातल्या केसेसच्या तारखा तिला पाठ. विम्याच्या माणसाशी भांडायला ती. आणि एवढं करून गोदामात शिरली की नुसत्या वासावरून सांगायची, कोपऱ्यातली तुरीची थप्पी उद्या खालीवर करा, आत काहीतरी शिजून राहिलंय. हमाल पोती काढायचे आणि आतला माल कोमट निघायचा. नम्र वगैरे ती अजिबात नव्हती. चुकीचं दिसलं की साहेब असो की मंत्र्याचा मेव्हणा, तोंडावर सांगायची. नवरा लातूरला शाळेत मास्तर, पोरगी त्याच्याजवळ. दर शनिवारी संध्याकाळी ती लातूरची एसटी धरायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायची. पोरगी आता आईला पाहुणी म्हणायला लागली होती, हे ती हसत सांगायची, पण एकदाच सांगितलं तिनं ते.

रुद्रेश गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती केबिनमध्ये आली. चारचौघांत रेणुकादास तिला मॅडम म्हणत, केबिनमध्ये राजकन्या.

"साहेब, एक विचारू?"

"विचार."

"माझं नाव का न्हाई गेलं?"

उत्तर तयारच होतं. "अगं, तुझ्यावाचून माझं कसं भागेल? तूच सांग. ऑडिट कोण बघणार? हंगाम तोंडावर आलाय, माल कोण तपासून घेणार? तू गेलीस तर हे ऑफिस बंद करून चावी मला पुण्याच्या मुख्यालयाला पाठवावी लागेल."

"हे तुम्ही कौतुक करून राहिलात का, साहेब?"

"कौतुकच की."

"मागल्या वर्षीबी केलं होतं. त्याच्या मागल्या वर्षीबी." ती म्हणाली. "म्हंजे रुद्रेशभाऊंवाचून भागतं म्हणून ते गेले. अन् माझ्यावाचून भागत न्हाई म्हणून मी इथं."

रेणुकादासांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"बरं झालं, कळलं," ती म्हणाली आणि गेली. ती चिडली नव्हती. ती न चिडता कधी केबिनमधून बाहेर पडली नव्हती, आणि रेणुकादासांनी तिथंच सावध व्हायला हवं होतं. ते झाले नाहीत, उलट प्रकरण थोडक्यात मिटलं म्हणून त्यांनी चहा मागवला.

खरं तर त्यांनी तिला अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं त्यांनी स्वतःलाही कधी धड सांगितलं नव्हतं. एकदा लातूरच्या बैठकीला पुण्याहून व्यवस्थापकीय संचालक आले होते. त्यांनी रेणुकादासांना हळदीच्या साठवणुकीबद्दल काहीतरी विचारलं. रेणुकादास घसा खाकरून कागद चाळायला लागले, तोवर मागच्या रांगेतून राजकन्यानं उत्तर दिलं. बरोबर दिलं, थोडक्यात दिलं. त्यानंतर सगळी बैठकभर संचालक रेणुकादासांच्या डोक्यावरून तिच्याशीच बोलत होते. येताना अहमदपूरला गाडी थांबवून रेणुकादासांनी तिला उसाचा रस पाजला, शाबासकी दिली, 'आपल्या ऑफिसचं नाव केलंस' म्हणाले. आणि घरी जाऊन जेवले नाहीत. इंदूनं, त्यांच्या बायकोनं, विचारलं तर पित्त झालंय म्हणाले. ते पित्त पुढं बरेच दिवस टिकलं.

माणूस म्हणून रेणुकादास वाईट नव्हते. पैसे खात नव्हते, बायकांशी नीट वागत, शिपायाच्या आजारपणाला स्वतः दवाखान्यात जात. पण आपल्यापेक्षा ज्याला जास्त कळतं तो आपल्यासमोरच्या खुर्चीत बसू नये, निदान आपण निवृत्त होईपर्यंत तरी, एवढं त्यांना मनातून वाटे. त्याला ते 'ऑफिसची गरज' म्हणत.

दिवाळी झाली, सोयाबीन यायला लागलं, आणि राजकन्या बदलली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. ऑडिटच्या उत्तरात तारीख चुकली. रेणुकादासांनी दाखवली, तिनं "हाव की" म्हणून दुरुस्त केली, आणि दुरुस्त करताना दुसरी चुकवली. कोर्टाची तारीख होऊन गेल्यावर आठवली. व्यापारी येऊन तिच्या टेबलाशी आवाज चढवून गेला आणि ती ऐकून घेत बसली. बैठकीत मत विचारलं तर म्हणायची, "साहेब, तुम्ही सांगाल तसं." पहिल्यांदा रेणुकादासांना वाटलं, टोमणा आहे. पण तिच्या चेहऱ्यावर टोमण्याचं काही दिसेना. मग वाटलं, बरं नसेल. त्यांनी विचारलंही, तर म्हणाली, "बरीच हाय, साहेब. काय चुकलं का?"

काम त्यांच्या अंगावर आलं. जी पत्रं ते न वाचता सही करून पाठवत, ती आता बसून लिहावी लागायला लागली. कोर्टात स्वतः जावं लागलं, वकिलाच्या ऑफिसात ताटकळत बसावं लागलं. संध्याकाळी जिना चढताना कठड्याला धरून थांबावं लागायचं. इतके ते कधी दमले नव्हते.

आणि तरी त्यांना बरं वाटत होतं. हे त्यांचं त्यांनाच कळेना. एवढा गाडा ओढतोय, झोप नीट लागत नाही, आणि मन मात्र हलकं. मग एकदा जेवताना इंदूच म्हणाली, "तुम्ही हल्ली दमून येता, पण चिडून येत नाही."

"राजकन्या आता बरी वागते."

"बरी म्हणजे?"

"वाद घालत नाही. विचारून करते."

इंदूचं आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलं होतं. तिनं ताटात भात वाढला आणि म्हणाली, "अहो, वर्गातली हुशार पोर एकदम शांत बसायला लागली की मी तिच्या घरी जाऊन चौकशी करत असे. तुम्ही खूश काय होऊन राहिलात?"

रेणुकादासांनी भातावर वरण घेतलं आणि विषय वाढवला नाही. त्यांना उत्तर माहीत होतं. फक्त जेवताना ते नको होतं.

सोयाबीनचा प्रकार त्यानंतर घडला. हदगावकडच्या बायकांच्या एका बचत गटानं आपलं सोयाबीन गोदामात ठेवलं होतं, भाव वाढेल तेव्हा विकू म्हणून. गटाच्या प्रमुख रुक्मिणबाई. माल ठेवताना त्या स्वतः ट्रॅक्टरवर बसून आल्या होत्या आणि प्रत्येक पोतं आत जाईपर्यंत उन्हात उभ्या होत्या. ती थप्पी आतून तापली. सोयाबीन तापलं की बाहेरून काही दिसत नाही, पोतं पोत्यासारखंच दिसतं. एक दिवस हमालांनी वरची पोती हलवली तेव्हा आतून वाफ आल्यासारखा कुबट, खवट वास सुटला आणि काळपट पडलेले, एकमेकांना चिकटलेले दाणे हातात आले. निम्म्याहून जास्त थप्पी वाया गेली होती.

हमालांचा मुकादम पिराजी रेणुकादासांना बाजूला घेऊन गेला. "सायेब, सांगू का नको सांगू असं होऊन राहिलंय."

"सांग."

"मॅडमला ठावं होतं. पंधरवडा झाला आसंल. ह्या थप्पीपाशी येऊन थांबल्या. पोत्याला हात लावला, वास घेतला. मी म्हणलं, मॅडम, काडायची का? तर माझ्याकडं बघितलं, अन् काही न बोलता गेल्या."

रुक्मिणबाई दुसऱ्या दिवशी आल्या. बरोबर गटातल्या बायका होत्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर सगळ्यांनाच सोपं गेलं असतं. पण रुक्मिणबाईंनी काळं सोयाबीन मुठीत घेतलं, उघडून बघितलं आणि राजकन्याला म्हणाल्या, "बाई, तुमच्या भरवशावर ठिवलं होतं. मागल्या साली तुम्हीच म्हणला होतात, माझ्याकडं ठिवा, दाणा खराब हू देणार न्हाई."

राजकन्या तिथंच उभी राहिली. रेणुकादासांनीच पुढं होऊन, भरपाई मिळेल, महामंडळ जबाबदारी घेईल, वगैरे सांगितलं. ते सगळं खरं होतं आणि त्याला किती वेळ लागेल हे रुक्मिणबाईंना आणि त्यांना, दोघांनाही ठाऊक होतं. बायका गेल्या. रेणुकादासांनी राजकन्याला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं."

"मग?"

ती उभीच होती. बस म्हटलं तरी बसली नाही. "मी रोज ठरवलेलं हाय साहेब, की मला कळत न्हाई. सकाळी ऑफिसच्या गेटातून आत येताना ठरवते. त्या दिवशी वास आला. पिराजीमामा समोर उभे. काडा म्हणायचं तोंडावर आलं होतं. मग वाटलं, हे एक म्हणलं की पुन्हा दुसरं म्हणंन. पुन्हा तुम्ही म्हणाल, राजकन्यावाचून भागत न्हाई." तिचा आवाज चढला नाही. "उद्या पिराजीमामाच काडतील, असं मनाला सांगितलं. न्हाई काडली त्यांनी. मॅडमनी सांगितलं न्हाई म्हणून."

"तू मुद्दाम करून राहिलीस हे सगळं? दिवाळीपासून?"

"तुम्हाला म्हाईत होतं साहेब."

ते नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही. पण समोरची बाई इतकी थकलेली दिसत होती की तिच्याशी खोटं बोलायचंही त्यांच्या अंगात त्राण उरलं नाही. त्यांना माहीत होतं. पहिल्या नाही तर दुसऱ्या महिन्यात कळलं होतं. कळूनही त्यांनी चालू दिलं, कारण ती अशी असताना त्यांना साहेब असल्यासारखं वाटत होतं.

"त्या बाईंचं सोयाबीन माझ्या मानगुटीवर हाय," राजकन्या म्हणाली. "तुमच्याबी हाय. पण तुम्ही लवकर निवृत्त व्हाल."

त्या आठवड्यातच लातूरहून नावाची मागणी आली. रुद्रेशला लातूर झेपलं नव्हतं, त्याला आणखी कुठंतरी हलवायचं होतं, म्हणजे बढतीवर. केंद्रप्रमुखाची जागा पुन्हा रिकामी होत होती. रेणुकादासांनी राजकन्याचं नाव लिहिलं. नुसतं नाव लिहून चालणार नव्हतं, शिफारसही करायला हवी, आणि हुशार, तडफदार, अनुभवी असं काही लिहिलं तर ती वाचून वर काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यांनी लिहिलं : साध्या, मनमिळाऊ, वरिष्ठांच्या सूचनेप्रमाणे वागणाऱ्या. सोयाबीनच्या नुकसानीचा ठपका त्यांनी स्वतःच्या कार्यालयावर घेतला. आयुष्यात पहिल्यांदा आपण एखाद्याचं भलं करतोय असं त्यांना वाटलं, आणि ते करायला एवढं खोटं लिहावं लागतंय याची लाजही वाटली.

पण पत्रावर विसंबून राहायला नको म्हणून ते स्वतः लातूरला गेले. विभागीय व्यवस्थापक होते वैजनाथ. हे वैजनाथ कधीकाळी रेणुकादासांच्याच हाताखाली कारकून होते आणि अख्ख्या ऑफिसात ठोंब्या म्हणून प्रसिद्ध होते. एक पत्र धड लिहायचे नाहीत. त्यांचं नाव बढतीला रेणुकादासांनीच पाठवलं होतं, कारण त्यांच्यावाचून छान भागत होतं. आज ते रेणुकादासांचे साहेब होते. तरी रेणुकादास आले की उठून उभे राहत आणि त्यांनाच साहेब म्हणत.

चहा आला. वैजनाथांनी शिफारस वाचली. त्यांना वाचायला नेहमीप्रमाणे वेळ लागला.

"साधी हाय म्हणता?"

"अगदी साधी."

"ही तीच ना, हळदीचं उत्तर देणारी? संचालक साहेबांना?"

रेणुकादासांनी कप खाली ठेवला. "तेव्हाची गोष्ट वेगळी. आता फार बदलली. विचारल्याशिवाय काही करत नाही."

वैजनाथ पत्राकडे बघून हसले. त्यांना हसताना रेणुकादासांनी फारसं पाहिलेलं नव्हतं. "साहेब, तुम्ही माझ्याबद्दलबी साधा म्हणूनच लिवलं होतं. इथं आल्यावर मी फाईल बघितली."

"अहो, ते..."

"वाईट न्हाई वाटलं. मीच तसं लिवून घेतलं होतं तुमच्याकडून." वैजनाथांनी बशी सरकवली. "तुमच्याकडं यायच्या आधी मी परभणीला होतो. तिथं मला लई मान. प्रत्येक काम वैजनाथकडं. प्रत्येक वर्षी नाव मात्र दुसऱ्याचं. मग नांदेडला बदली झाली तवा ठरवूनच आलो. दर पत्र चुकवूनच आणायचो. तुम्ही ते चारचौघांत वाचून दाखवायचात, सगळे हसायचे. मी खाली मान घालून उभा. आतून बरं वाटायचं, म्हणायचो, जमून राहिलंय."

रेणुकादासांना ती पत्रं आठवली. आपण ती कशा आवाजात वाचून दाखवायचो तेही आठवलं.

"मग इथं आल्यावर तरी," ते म्हणाले, "इथं तर तुम्हाला कुणी अडवणारं नव्हतं."

"कसं न्हाई? माझ्यावरबी साहेब होते. म्हणलं, हे जाऊ देत. ते गेले, दुसरे आले. म्हणलं, ह्यांचा अंदाज घेऊ. मग ही खुर्ची मिळाली. तवा एक दिवस ठरवलं, आता आपल्या डोक्यानं काम करायचं. सकाळी लवकर आलो, शिपायाला सांगितलं कुणाला सोडू नको. फाईल उघडली." वैजनाथ खिडकीकडे बघत होते. खाली रस्त्यावर क्लासला जाणारी पोरं पाठीवर दप्तरं घेऊन चालली होती. "काही सुचंना, साहेब. देवाशपथ. आधी वाटायचं की साहेबांना काय आवडंल. अन् साहेब कुणी न्हवताच. मीच होतो. बसून बसून मग सहायकाला बोलावलं, म्हणलं, तुम्हाला काय वाटतं ते लिवून आणा. आता मी सोंग करून राहिलोय का मी तसाच हाय, हे मलाबी सांगता येत न्हाई."

मग वैजनाथांनी पेन काढलं आणि पत्रावर सही केली.

"पाठवा तिला," ते म्हणाले. "मला अशीच माणसं बरी पडतात. हुशार माणूस समोर बसला की मला लई त्रास होतो, साहेब. तुम्हाला होत असंल तसाच. मला जरा जास्त. कारण मला आठवतं."

परतीच्या वाटेवर गाडीत रेणुकादासांना डुलकी लागली नाही. शेतं मोकळी झाली होती, कुठं कुठं हरभरा उभा होता. आपण इतकी वर्षं वर कुणाकुणाला पाठवलं याचा ते विचार करत होते. त्यांना वाटायचं, आपण ज्यांच्यावाचून भागतं अशी माणसं पाठवली. आता त्यातली खरोखरची तशी किती आणि आपण तशी करून पाठवलेली किती, ते कळायला मार्ग नव्हता. आणि आपले त्या वेळचे वरिष्ठ धोंडप्पा साहेब, त्यांनी आपल्याला पुढं पाठवलं तेव्हा आपण त्यातले कुठले होतो, हाही प्रश्न लोह्याच्या आसपास मनात आला. त्याचं उत्तर त्यांना लगेच मिळालं. ते सोंग करत नव्हते.

एक गोष्ट मात्र त्यांनी ठरवली. राजकन्याला सांगायचं. उशीर करू नकोस म्हणून सांगायचं.

ऑर्डर आली त्या दिवशी राजकन्या पेढे घेऊन केबिनमध्ये आली. तिचा लातूरला फोन करून झाला होता. पोरगी फोनवर नुसती किंचाळत होती म्हणे. राजकन्याचे डोळे ओले होते आणि ती हसत होती. इतक्या महिन्यांत तिला असं कुणी पाहिलं नव्हतं. तिनं ऑर्डरची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि पुन्हा उघडून आहे ना ते बघितलं.

"हे बघ," रेणुकादास म्हणाले, "तिथं गेलीस की पहिल्या दिवसापासून आपल्या डोक्यानं काम कर. वैजनाथ साहेब काय म्हणतील, रेणुकादास साहेब काय म्हणतील, सोडून दे. आता तुला कुणी मागं ठेवू शकत नाही."

"हाव, साहेब."

"नुसतं हाव नको. मी मनापासून सांगून राहिलोय. थोडे दिवस थांबू, साहेबांचा अंदाज घेऊ, असं करू नकोस. ते थोडे दिवस संपत नाहीत."

"न्हाई थांबत," ती म्हणाली. "लई झालं. मला तर आता झोपबी येत न्हाई, साहेब. रुक्मिणबाई दिसतात." मग डोळे पुसून म्हणाली, "लातूरच्या गोदामाला मी सरळ करते का न्हाई बघा."

ते ऐकून रेणुकादासांना इतकं बरं वाटलं की त्यांनी दोन पेढे खाल्ले. साखर वर्ज्य होती त्यांना. ही वेळेत सुटली, असं त्यांना वाटलं. वैजनाथांची गोष्ट सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

तेवढ्यात पिराजी दारात आला. मुदखेडकडून हरभऱ्याचा ट्रक आला होता, आणि माल घ्यायचा की परत पाठवायचा ते विचारायला तो आला होता. राजकन्या अजून कार्यमुक्त झालेली नव्हती, रेणुकादासांना वाटलं, चला, जाता जाता एकदा तिच्या हातून होऊ दे. दोघं खाली गोदामात गेले. हमालांनी एक पोतं उतरवून तोंड सोडून ठेवलं होतं. हरभरा वरून चांगला दिसत होता, आतलं काही सांगता येत नव्हतं. रेणुकादासांना तर नाहीच.

"बोल," ते म्हणाले. "घ्यायचा की परत पाठवायचा? तू म्हणशील ते."

ऑर्डर तिच्या पर्समध्ये होती. सोंग करायचं आता काहीही कारण नव्हतं. पोतं तिच्या पायाशी उघडं होतं. पण राजकन्या वाकली नाही, तिनं दाणा हातात घेतला नाही. ती रेणुकादासांच्या तोंडाकडे बघायला लागली. आधी कपाळाकडे, मग डोळ्यांकडे, साहेबांच्या मनात कुठलं उत्तर आहे ते शोधत, आणि आपण हे करतोय याचा तिला पत्ताही नव्हता.

रेणुकादासांनी घाईनं तोंड फिरवलं. ते भिंतीकडे बघत उभे राहिले, म्हणजे तिला काही दिसू नये, म्हणजे तिचं तिनं बघावं. पिराजी वाट बघत होता. ट्रकवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला. आता वाकेल, आता मूठ भरून नाकाशी नेईल, असं म्हणत ते पाठमोरे थांबले. मागून पोत्याची काही हालचाल ऐकू आली नाही.

"साहेब," बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"